लक्ष्मणराव किर्लोस्कर : नांगरापासून खुर्चीपर्यंत

बीदर आणि कलबुर्गी या सीमाभागातील जुन्या घरांत बसण्या-उठण्यासाठी दर्शनी भागात एक मोकळी जागा असे. कोणी तिला सोपा म्हणे, कोणी ढाळज, कोणी ओसरी. दिवसा तेथे जाजम अंथरून बैठक भरे. कुळे येत, पाहुणे टेकत, हिशेब होत, सोयरिकी जुळत. रात्री त्याच जागेवर वळकट्या सोडल्या जात आणि घरातील पुरुषमंडळी व आलेगेले तेथेच पाठ टेकत. पहाटे वळकट्या भिंतीशी गेल्या की सोपा पुन्हा बैठकीचा होई. पुढे शहरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ‘सोफा-कम-बेड’ नावाची वस्तू आली. दिवसा बैठक आणि रात्री बिछाना हा तिच्यामागील विचार मराठी माणसाला मुळीच परका नव्हता. सोप्याने तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला होता. नवी होती ती वस्तू घडविण्याची रीत. गावच्या सुताराच्या हातून निघून ती कारखान्याकडे गेली होती आणि लाकडाच्या जोडीला लोखंड आले होते.

लोखंड आपल्या घरांत पूर्वीही होतेच. पण ते तवा, विळी, कडीकोयंडा आणि खिळा यांच्या रूपाने. माणसाने ज्यावर बसावे आणि निजावे असे सामान म्हणजे पाट, चौरंग, बाज, पलंग. आणि हे सारे लाकडाचे. लोखंड शेतात आणि घरात मानाने आणून बसविण्याचे काम मराठी मुलखात ज्या मोजक्या कारखानदारांनी केले, त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा नांगर सर्वांना ठाऊक आहे, पंप ठाऊक आहे. त्यांच्या कारखान्यातून निघालेल्या लोखंडी खुर्च्यांचे आणि खाटांचे स्मरण मात्र जुने सामान जपणाऱ्या थोड्या लोकांपुरते राहिले आहे. तरीही या माणसाचे आयुष्य समजून घ्यायचे तर नांगराइतकीच ती खुर्चीही उपयोगी पडते. कारण हाती असलेल्या साधनाचा उपयोग बदलावा, पण त्याचा कस उतरू देऊ नये, हेच त्यांच्या आयुष्याचे सूत्र होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. घराण्याचे मूळ कोकणातील किर्लोसी गावचे; त्यावरूनच किर्लोस्कर हे आडनाव पडले. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच घराण्याचे. त्यांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा लक्ष्मणराव अकरा वर्षांचे होते. घरात मराठी आणि पेठेत कन्नड असे त्या गावचे वातावरण. सीमाभागातील वाचकाला त्याची ओळख वेगळी करून द्यावयास नको. दोन भाषांच्या मधोमध वाढणाऱ्या मुलाला एकच वस्तू दोन नावांनी ओळखण्याची सवय लहानपणीच लागते. लक्ष्मणरावांना पुढे एकाच लोखंडाची अनेक रूपे दिसली, तिची पूर्वतयारी या सवयीत पाहावयास हरकत नाही.

शाळेच्या पाठांतरात त्यांचे मन रमेना. चित्रे काढणे आणि यंत्रे उकलून पाहणे यांची मात्र विलक्षण ओढ. वेदान्ती वडिलांना हा मार्ग पसंत पडणे कठीणच होते; पण वडीलबंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोनेक वर्षे चित्रकलेचा अभ्यास झाला आणि मग एक क्रूर सत्य समोर आले. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. चित्रकार होण्यासाठी घरच्यांचा विरोध पत्करून आलेल्या तरुणाला आपल्याला रंगच नीट दिसत नाहीत असे कळावे, यापरते दुर्दैव कोणते? या ठिकाणी अनेकांचे आयुष्य थांबले असते. लक्ष्मणरावांनी रंग सोडला आणि रेषा धरून ठेवली. यंत्रांची मापबद्ध चित्रे काढण्याच्या विद्येला रंगाची गरज नव्हती. तिला हवी होती अचूक नजर आणि स्थिर हात. ते दोन्ही त्यांच्यापाशी होते.

या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळाली. ही संस्था १८८७ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे अगदी नवी होती. तेथील यंत्रशाळेत लक्ष्मणराव दिवसा शिकवीत आणि उरलेल्या वेळात स्वतः शिकत. यंत्रशास्त्राची इंग्रजी पुस्तके आणि परदेशी मासिके हे त्यांचे खरे गुरू. कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतलेली नव्हती. जे वाचले ते हाताने करून पाहावयाचे आणि जे हाताला जमले नाही त्यासाठी पुन्हा पुस्तकाकडे वळावयाचे, अशी त्यांची रीत होती.

त्याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल दिसू लागली होती. लक्ष्मणराव ती चालविण्यास शिकले आणि या वस्तूला आपल्या भागात गिऱ्हाईक मिळेल हे त्यांनी ओळखले. मुंबईत सायकली खरेदी करून ते बेळगावास रामूअण्णांकडे पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकून घेणाऱ्यास चालविण्याचे धडेही देत. किर्लोस्कर बंधूंच्या दुकानाचा प्रारंभ असा दोन चाकांवरून झाला. १८८८ हे साल किर्लोस्कर उद्योगसमूह आपले जन्मवर्ष मानतो.

संस्थेतील नोकरी सुखाची होती. परंतु बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. परकी सत्ता असताना असा अनुभव येणारे लक्ष्मणराव एकटे नव्हते. बहुतेकांनी तो गिळला आणि निवृत्तिवेतनाची वाट पाहिली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. अपमानाचे उत्तर तक्रारीने देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ज्या विद्येची किंमत दुसऱ्याने केली नाही, तिची किंमत आपणच सिद्ध करून दाखवावी, एवढेच त्यांनी मनाशी धरले.

बेळगावात सायकलींच्या दुकानाला लागूनच एक लहानशी कार्यशाळा उभी राहिली. प्रथम जनावरांचा चारा कापण्याचे यंत्र तयार झाले. कडबा अख्खा टाकला की जनावरे निम्मा तुडवून वाया घालवतात. बारीक कापला तर तोच चारा जास्त दिवस पुरतो. शेतकऱ्याच्या गोठ्यातील ही रोजची नासाडी लक्ष्मणरावांनी हेरली. त्यानंतर त्यांचे लक्ष नांगराकडे गेले आणि १९०३ मध्ये किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला.

कलबुर्गी आणि बीदर भागातील काळ्या रानाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या नांगराचे मोल सांगावे लागत नाही. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण तिची वड पालथी करीत नाही. हराळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर तशीच राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा वर येतात. लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा मातीची वड उचलून पालथी घालतो. खालची मुळे उन्हात उघडी पडून वाळतात आणि वरचे तण खाली गाडले जाते. एवढा उघड फायदा असूनही पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. या समजुतीला हसणे सोपे आहे. परंतु ज्याची सारी मत्ता म्हणजे बापजाद्यांची चार बिघे जमीन, तो तिच्यावर अनोळखी वस्तू चालवून पाहण्यास कचरणारच. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. नांगर शेतावर नेऊन चालवून दाखविणे, लवकर झिजणारा फाळ वेगळा बदलता येईल असा करणे आणि सुटे भाग वेळेवर पुरविणे, हा त्यांचा उपाय होता. हळूहळू नांगराने स्वतःची साक्ष स्वतःच दिली.

नांगर चालू लागला, तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कार्यशाळेची जागा मोकळी करण्यास सांगितले. जमलेला संसार उचलून न्यावयाचा कोठे, हा प्रश्न पडला. या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांचे त्यांच्याशी स्नेहाचे नाते होते. रंगांनी ज्याला नाकारले होते, त्याला आश्रय मिळाला तो एका चित्रकाराचाच. संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊन त्यांनी लक्ष्मणरावांना संस्थानात कारखाना काढण्यास बोलावले. जमीन कसली, तो निवडुंगाचा रानमाळ होता आणि सापांचे तेथे राज्य होते. १० मार्च १९१० रोजी या माळावर किर्लोस्करवाडीची मुहूर्तमेढ रोवली गेली. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या या गावाचे स्थानकही पुढे किर्लोस्करवाडी याच नावाने ओळखले जाऊ लागले.

वाडी उभी राहिली ती माणसांच्या बळावर, आणि ही माणसे निवडण्याची लक्ष्मणरावांची रीत जगावेगळी होती. यंत्रे सांभाळणारे शंभोराव जांभेकर, कारभार पाहणारे मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी ही मंडळी मोठ्या पदव्या घेऊन आलेली नव्हती. शाळेत मागे पडलेला मुलगा भट्टीपुढे हुशार ठरू शकतो, हे लक्ष्मणराव स्वतःच्या अनुभवावरून जाणत होते. गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी पहारेकरी नेमले, आणि ज्यांच्यावर कोणी विश्वास टाकला नव्हता त्यांनी तो विश्वास सार्थ केला. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. त्या काळी दक्षिण महाराष्ट्रातील एका आडरानात असा नियम करणे आणि तो पाळून घेणे ही साधी गोष्ट नव्हती. सोप्यावर कोणी कोठे बसावे हे जुन्या घरांत जातीवरून ठरे. लक्ष्मणरावांच्या वाडीत माणसाची जागा त्याच्या कामावरून ठरू लागली.

पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झाले आणि परदेशी लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. भट्ट्या विझण्याची वेळ आली. लक्ष्मणरावांनी मोडीचे लोखंड धुंडाळण्यास सुरुवात केली. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी या वेळी किल्ल्यांवरील निकामी तोफा वितळविण्यासाठी दिल्या. एके काळी शत्रूच्या रोखाने डागलेल्या तोफांचा रस किर्लोस्करवाडीच्या वाळूच्या साच्यांत ओतला गेला आणि त्यातून शेतकऱ्यांचे नांगर बाहेर पडले. बीदरच्या वाचकांना ओतकामाचे अप्रूप नसावे. जस्त आणि तांबे यांच्या मिश्र धातूचा रस मातीच्या साच्यात ओतून, त्यावर चांदीची वेलबुट्टी जडविणारे बिदरी कारागीर याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. धातूला आकाराचा आग्रह नसतो, साचा असेल तसा तो होतो, हे जे ज्ञान बिदरी कारागिराच्या हातात आहे, तेच लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या मोठ्या मापात राबविले.

युद्ध संपले आणि १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखान्याची वार्ता देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याच्या जोडीला आली. मराठी ग्रंथालयांच्या मेजांवर ही तीन मासिके किती वर्षे मानाने नांदली हे जुन्या सभासदांना आठवत असेल. नांगराच्या कारखान्याने मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या घडवाव्यात, ही आपल्या वाङ्मयेतिहासातील एक नवलाची गोष्ट आहे.

लक्ष्मणरावांनी थोरले चिरंजीव शंतनुराव आणि पुतणे माधव यांना यंत्रशास्त्राच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पाठविले. जी पदवी स्वतःला मिळाली नाही ती पुढच्या पिढीला मिळावी, ही त्यामागील आस होती. त्या आशेची मोठी किंमत कुटुंबाला द्यावी लागली. माधव क्षयाने आजारी पडला आणि परत आला नाही. शंतनुराव १९२६ मध्ये शिक्षण पुरे करून परतले. त्याच वर्षी वाडीत पहिला सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला आणि विहिरीवरील मोटेला पर्याय मिळाला.

एवढ्यात १९२९ ची जागतिक मंदी आली. अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला आणि त्याचा हादरा आपल्याकडील कापसाच्या ढिगापर्यंत आणि गुळाच्या ढेपेपर्यंत येऊन पोहोचला. शेतमालाचे भाव उतरले. शेतकऱ्याच्या हाती पैसा राहिला नाही, तेव्हा नांगर कोण घेणार आणि चरक कोण घेणार? शेतकऱ्याच्या बळावर उभा राहिलेला कारखाना शेतकऱ्याबरोबरच अडचणीत आला. कामगार कमी करणे हा सोपा मार्ग होता. पण ज्यांना माळावर बोलावून आणले, ज्यांच्या मुलांच्या शाळा वाडीत भरत होत्या, त्यांना घालवावयाचे कोठे? लोखंड होते, ते वाकविणारे हात होते. नव्हते ते गिऱ्हाईक. तेव्हा त्याच लोखंडाला नवे रूप देण्याचे ठरले आणि किर्लोस्करवाडीत लोखंडी फर्निचर तयार होऊ लागले. खुर्च्या, टेबले, खाटा असे घरगुती आणि कचेरीचे सामान शेतीच्या अवजारांच्या शेजारी दिसू लागले.

जगात इतरत्रही हाच विचार चालू होता. जर्मनीत मार्सेल ब्रॉयर या कलावंताने १९२५ मध्ये पोलादी नळी वाकवून खुर्ची तयार केली होती आणि युरोपातील घरसामानाचे स्वरूपच त्यानंतर पालटू लागले. इस्पितळांतून व लष्करी छावण्यांतून लोखंडी खाटा त्याआधीच गेल्या होत्या. छावणीतील सामान घडी करून नेण्याजोगे असावे लागे. त्या गरजेतून मिटणाऱ्या खुर्च्या आणि दुमडणाऱ्या खाटा निघाल्या, आणि बसण्याची वस्तू निजण्यासाठी उघडावी ही कल्पनाही त्यांच्याच जोडीने रुळली. लाकडाला अशी वारंवार घडी सोसत नाही. त्याची खाच झिजते आणि सांधा ढिला होतो. लोखंडाच्या पट्टीला रिबीट ठोकून केलेली बिजागरी मात्र वर्षानुवर्षे उघडझाप सहन करते. बसण्याचे आसन रात्री बिछाना होते ते अशाच बिजागरीच्या भरवशावर. आपल्या हवामानात लोखंडी सामानाचे आणखीही फायदे होते. त्याला वाळवी लागत नाही. खाटेच्या सांध्यांत ढेकूण झालेच, तर उकळते पाणी ओतून ती स्वच्छ करता येते. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात तडकते. लोखंडाला जपावे लागते ते फक्त गंजापासून, आणि त्यासाठी रंगाचा चांगला हात पुरतो.

या रंगाच्या हाताशी क्षणभर थांबावयास हवे. नांगर मातीत जातो. त्याचा रंग पहिल्याच पाळीत निघून जातो आणि कोणाला त्याचे वाईट वाटत नाही. खुर्ची घरात बसते. तिच्या पाठीचा बाक, हातांची वळणे, रंगाची झिलई यांकडे घरातील प्रत्येकाची नजर जाते. तेथे उपयोगाच्या जोडीला रूपही लागते. रंगांनी दगा दिल्यामुळे चित्रशाळा सोडून आलेल्या माणसाच्या कारखान्यात जवळजवळ अर्ध्या शतकाने रेषा आणि रंग पुन्हा एकत्र आले. फर्निचर हा पुढे किर्लोस्करांचा मुख्य धंदा राहिला नाही. पंप, इंजिने, विजेच्या मोटारी यांचा व्याप वाढला आणि खुर्च्या मागे पडल्या. परंतु मंदीच्या दिवसांत त्या खुर्च्यांनी आणि खाटांनी कारखान्यातील माणसांना काम दिले. त्यांतील काही आजही जुन्या घरांत आणि जुन्या बाजारांत आढळतात. रंग उडालेला असतो, पण सांधा हललेला नसतो.

कारखान्याची सूत्रे पुढच्या पिढीकडे सोपविल्यावर लक्ष्मणरावांनी काही काळ औंध संस्थानचे दिवाण म्हणून काम पाहिले. ज्या राजाने माळरान दिले, त्याच्या प्रजेसाठी काही करण्याची ही संधी त्यांनी आनंदाने स्वीकारली. उद्योगाचा विस्तार मात्र थांबला नव्हता. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे यंत्रे घडविणारी यंत्रे करण्याचा कारखाना सुरू झाला. १९४६ मध्ये पुण्यास तेलइंजिनांचा आणि बंगळुरूस विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. बेळगावातून उठावे लागलेले किर्लोस्कर कन्नड मुलखात असे मानाने परतले. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला; पण कित्येक वर्षे मराठी आणि कन्नड कामगार तेथे एकाच छपराखाली काम करीत होते.

१९४८ हे वर्ष सीमाभागाने होरपळत काढले. हैदराबाद संस्थानातील ते दिवस कलबुर्गी-बीदरच्या घराघरांत अजून सांगितले जातात. त्याच वर्षाच्या प्रारंभी गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळ झाली आणि किर्लोस्करवाडीही तीतून सुटली नाही. ज्या वाडीने जातीची उतरंड मोडली होती, तिला जातीच्या रोषाची आग लागावी, हा काळाचा क्रूर न्याय होता. लक्ष्मणराव त्या वेळी ऐंशीच्या घरात होते. चाळीस वर्षांचे कष्ट जळताना ऐकून एखादा म्हातारा खचून गेला असता. परंतु रंग गेले तेव्हा रेषा, नोकरी गेली तेव्हा कार्यशाळा आणि जागा गेली तेव्हा माळरान हाती धरण्याची ज्याला सवय, त्याला राखेतून पुन्हा उभे राहणे नवे नव्हते. कारखाना दुरुस्त झाला आणि पुन्हा चालू झाला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. त्यानंतर अवघ्या ३६ दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. त्यांची जन्मभूमी गुर्लहोसूर आणि त्यांची पहिली कार्यशाळा जेथे उभी राहिली ते बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हेही हैदराबाद राज्यातून निघून त्याच राज्यात आले. किर्लोस्करवाडी मुंबई राज्यात राहिली. एका माणसाच्या आयुष्याची सुरुवात आणि त्याची कर्मभूमी नकाशावरील रेषेच्या दोन बाजूंना पडली. त्या रेषेमुळे या ग्रंथालयाच्या सभासदांच्याही सोयरिकी, शाळा आणि शेते दोन राज्यांत विभागली गेली. लक्ष्मणरावांनी ती रेषा पाहिली नाही. त्यांचे नांगर मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या रानांत चालत राहिले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले आणि बेळगाव शहरात किर्लोस्करांच्या नावाचा रस्ता आजही आहे.

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या वर्षी या कारखानदाराचे स्मरण का करावयाचे, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल तर त्याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे. पदवी नसलेल्या या माणसाने ओतकाम, यांत्रिक रेखाटन आणि नगररचना या विद्या छापील पानांवरून उचलल्या आणि भट्टीच्या उजेडात पडताळून घेतल्या. पुस्तक वाचून कपाटात ठेवण्यासाठी नसते, ते हातात उतरवावयाचे असते, हा धडा त्यांनी कोणतेही प्रवचन न करता दिला. सीमाभागातील मराठी वाचनालये साध्या खोल्यांत, मोजक्या बाकांवर आणि वर्गणीच्या बेतास बात रकमेवर चालत आली आहेत. एकच दालन सकाळी वृत्तपत्रांचे, दुपारी अभ्यासाचे आणि संध्याकाळी व्याख्यानाचे होते. जागा तीच राहते, तिचा उपयोग वेळेनुसार बदलतो आणि तिचा मान मात्र उणावत नाही. जुन्या घरातील सोप्याने हेच सांभाळले आणि लक्ष्मणरावांनी लोखंडाकडून आयुष्यभर हेच करवून घेतले. भाषेच्या सीमेवर उभ्या असलेल्या वाचनालयाने दुसऱ्या शतकात पाऊल ठेवताना त्यांच्यापासून घ्यावयाचे ते इतकेच.